मास्तरांबरोबर घरोघरी

मास्तरांचं नाव या लेखात येणार नाही. "कामाचं लिही, माझं नाव घालू नकोस," असं त्यांनी बजावलं आहे, आणि त्यांचं एवढं तरी मी ऐकायलाच हवं. जालन्यात मिशनच्या आवाराच्या आसपास ‘मास्तर’ म्हटलं की बोलणं कोणाविषयी चाललंय हे सांगावं लागत नाही. त्यांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं आणि जोडीला ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाचं काम पाहिलं. माझ्यापेक्षा वयानं पुष्कळ मोठे. मी ख्रिस्ती नाही, मंठा तालुक्यातल्या एका माळकरी घरातला आहे. आमची ओळख कामातून झाली. पुढे तिची मैत्री झाली. तरुण मुलांमध्ये काम कसं करायचं हे मला ज्यांनी शिकवलं, त्यांत मास्तर पहिले. समाजकार्याची पुस्तकं नंतर येतात.

2009 मध्ये शिक्षण संपवून मी जालन्यातल्या एका स्वयंसेवी संस्थेत लागलो. शाळा सुटलेली मुलं शोधायची, वस्तीत अभ्यासिका चालवायची, दहावीत अडकलेल्यांना पुन्हा परीक्षेला बसवायचं, असं काम होतं. बाहेरून येणाऱ्याला जालना श्रीमंत वाटतं. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण अजून ऐकू येते आणि ती अगदीच खोटी नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथं महिको सुरू केली आणि बियाणांच्या धंद्यात या गावाचं नाव देशभर गेलं. औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई काढणाऱ्या भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या असतात. पण जिल्ह्याचा दुसरा चेहरा मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या बाजूच्या कोरडवाहू गावांत आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास तिथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती बहुधा लग्नात, दवाखान्यात किंवा जुन्या देण्यात संपलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. लेकरं सोबत जातात, नाहीतर आजीजवळ राहतात. मार्च-एप्रिलमध्ये टोळी परत येते तेव्हा शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं. ज्यांना हेही जमत नाही ती कुटुंबं जालन्यात येऊन नाल्याच्या कडेला पत्र्याची खोली घालतात आणि घरातला पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा भंगाराच्या ढिगावर नाहीतर हमालीवर लागतो. आमची अभ्यासिका अशाच मुलांसाठी होती.

तिला जागा मिळत नव्हती. समाजमंदिराला कुलूप, शाळेची खोली सहानंतर बंद. कोणीतरी मास्तरांचं नाव सांगितलं. मंडळीचा एक जुना हॉल रविवारी दुपारी तरुण संघाच्या बैठकीपुरता उघडे, बाकीचे दिवस रिकामा असे. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी संस्थेचं नाव विचारलं नाही, निधी कोणाचा हेही विचारलं नाही. "मुलं किती वाजेपर्यंत बसतील?" एवढं विचारलं आणि पंचांशी बोलून किल्ली आणून दिली. दुसऱ्या आठवड्यापासून ते स्वतःच येऊन मागच्या बाकावर बसू लागले. कोणी गणितात अडलं तर त्याच्या शेजारी जाऊन बसायचे. फळ्यावर मात्र कधी गेले नाहीत. पुढे उभं राहून शिकवणारे या मुलांना आयुष्यात पुष्कळ भेटलेत, असं ते म्हणाले.

एका संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "यातल्या कोणाकोणाच्या घरी जाऊन आलास?"

घरभेटी आमच्या कामात होत्याच. मूल सलग गैरहजर राहिलं की जायचं, कारण लिहायचं, पालकांची सही घ्यायची. सगळ्याच संस्थांमध्ये तशी रीत होती. मास्तर म्हणाले, "गैरहजर राहिल्यावर गेलं तर पोलिस आल्यासारखं वाटतं घरच्यांना. पोरगं रोज येतंय तेव्हा जायचं. काही काम नसताना जायचं."

त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्यांच्याबरोबर घरभेटींना गेलो. मंडळीतल्या घरांना भेटी देणं हा पाळकाच्या कामाचाच भाग असतो. आजारी माणूस, बाळंतीण, नोकरी सुटलेला, भांडून वेगळं झालेलं घर, असं सगळीकडे पाळक जाऊन येतो. मास्तर पाळक नव्हते, पण हे काम त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं होतं आणि मंडळीबाहेरच्या मुलांसाठी ते त्यांनी जसंच्या तसं उचललं होतं. त्यांचं शास्त्र साधं पण पक्कं होतं. सोबत वही घ्यायची नाही. पगाराच्या दिवशी जायचं नाही, त्या दिवशी घरात देणेकरी आलेले असतात. बाई भाकरी थापत असताना गेलात तर उंबऱ्याबाहेरच बसायचं आणि तिला उठू द्यायचं नाही. चहा दिला तर घ्यायचा, कोरा असला तरी, कपाचा कान तुटलेला असला तरी. मुलाच्या समोर मुलाविषयी बोलायचं नाही, चांगलंसुद्धा नाही. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसायचं. आणि फार वेळ थांबायचं नाही, कारण दिवसभर राबून आलेल्या माणसाला पाहुण्यासमोर पाय पसरता येत नाहीत.

हे सगळं त्यांनी एकदा बसवून सांगितलं असं नाही. मी पाहत गेलो, विचारत गेलो. घरात गेल्यावर त्यांची नजर आधी दिव्याकडे जायची. एका मुलाचं अक्षर एकाएकी बिघडलं होतं. आम्हाला वाटलं अभ्यासातून मन उडालं. त्याच्या घरी एकच बल्ब होता, तो चुलीच्या कोपऱ्यात, आणि पोरगा दाराआड स्वतःच्याच सावलीत लिहीत होता. मास्तरांनी तिथं काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून हॉलची किल्ली त्या मुलाकडे दिली आणि सांगितलं, दार तू उघडायचंस, सगळ्यांच्या आधी यायचं आणि सगळ्यांच्या नंतर कुलूप लावायचं. मुलाला जबाबदारी मिळाली आणि उजेडही मिळाला. मदत केली हे त्याच्या घरात कोणाला कळलंसुद्धा नाही. मला त्यांची ही रीत फार मोठी वाटते. आमच्याकडे त्याच कामाला ‘लाभार्थी’ असा रकाना होता.

एक मुलगा रोलिंग मिलमध्ये रात्रपाळीला लागला आणि अभ्यासिकेत यायचा थांबला. वय कागदावर अठरा, खरं किती ते त्याच्या आईलाही नीट सांगता येत नव्हतं. त्याला समजवायला जाऊ या, असं मी म्हणत होतो. मास्तर म्हणाले, "त्याच्या घरात पगार येतोय तो तू देणार आहेस का? मग समजवू नकोस. भेटू या." पाळी सुटायच्या वेळी आम्ही औद्योगिक वसाहतीतल्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायचो. पहाटेची वेळ. तो बाहेर यायचा तेव्हा डोळे लाल, हातावर ठिणग्यांचे डाग. चहा, पाव, इकडच्या तिकडच्या गप्पा. मास्तर त्याला भट्टीबद्दल विचारायचे, तापमान किती, बिलेट रोलमधून कितव्या फेरीत सळई होते, आणि ऐकता ऐकता गणित घालायचे. तो हसून उत्तर द्यायचा. अभ्यासाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. कितीतरी दिवसांनी, पावसाळ्यात, त्या मुलानंच विचारलं, "सर, सतरा नंबरचा फॉर्म कधी सुटतो?" बाहेरून दहावी देण्याचा तो फॉर्म. पहिल्या खेपेला इंग्रजी राहिलं, दुसऱ्या खेपेला सुटलं. आज तो एका कारखान्याच्या वजनकाट्यावर आहे आणि लेकीला शाळेत सोडून कामावर जातो.

प्रत्येक वेळी असं झालं नाही. घनसावंगीकडच्या एका गावात आमच्या ओळखीतल्या नववीतल्या मुलीचं लग्न ठरलं. टोळी निघायच्या आत उरकायचं होतं. त्यामागचा हिशोब गावात सगळ्यांना ठाऊक असतो. लग्न झालं की नवा कोयता तयार होतो, त्याला वेगळी उचल मिळते, आणि वयात आलेली पोर कोणाच्या भरवशावर मागं ठेवायची हा आई-बापाचा घोरही मिटतो. मास्तर तिच्या आजीजवळ बसून होते. कायद्याची भाषा त्यांनी माझ्यावर सोडली, स्वतः फक्त विचारत राहिले: तुमचं लग्न कधी झालं, पहिलं बाळंतपण कुठं झालं, किती लेकरं जगली. आजीच शेवटी मुलाला म्हणाली, "औंदा ऱ्हाऊ दे." ते वर्ष टळलं. पुढच्या वर्षी आम्हाला कळायच्या आत लग्न झालं. मास्तरांनी तरी त्या घरी जाणं सोडलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलेल्या त्या मुलीला भेटायला ते साडीचोळी घेऊन गेले. आपलं ऐकलं नाही म्हणून ज्यांनी दार लावून घेतलं अशा कार्यकर्त्यांना ती मुलगी अडचणीत कधीच हाक मारणार नाही, असं ते वाटेत म्हणाले. मला ते पटलं आणि आजही पटतं.

एका मोठ्या शंकेचं ओझं मात्र आम्हा दोघांबरोबर कायम असे. साडेएकोणीस लाख वस्तीच्या जिल्ह्यात ख्रिस्ती माणसं मूठभर, आणि हा म्हातारा मिशनच्या हॉलमध्ये हिंदू, बौद्ध, मुसलमान पोरं गोळा करतो म्हणजे याच्या मनात काय आहे? एका बापानं दारातच विचारलं, "कामून येता ओ तुम्ही? लेकरू बाटवायला?" मी चिडून बोलायला लागलो तर मास्तरांनी माझा हात दाबला. ते त्या माणसाला म्हणाले, "विचारलंत ते बरं केलं. मी ख्रिस्ती आहे, रोज प्रार्थना करतो, तुमच्या लेकाचं नावही प्रार्थनेत घेतो. पण त्याला मी प्रार्थनेला बोलावत नाही. तुम्हाला न सांगता त्याला कुठंही नेणार नाही. तुम्ही हॉलवर येऊन बसा, वाटेल तेव्हा." तो माणूस खरंच येऊन बसला. चार-पाच संध्याकाळी कोपऱ्यात बसून त्यानं सगळं पाहिलं आणि मग यायचा थांबला, पोराला मात्र पाठवत राहिला.

या सावधपणामागं मास्तरांचा स्वतःचा विचार होता आणि तो त्यांच्याच घराण्याच्या इतिहासातून आलेला होता. त्यांचे पूर्वज बेथेलचे. जालन्याबाहेर फारशी कोणाला माहिती नसलेली ही हकीकत इथं सांगायलाच हवी. नारायण शेषाद्री परळीकर हा निजामाच्या मुलखातल्या ब्राह्मण घरातला तरुण मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेत शिकला आणि 1843 मध्ये ख्रिस्ती झाला. पुढे रेव्हरंड होऊन 1860 च्या दशकात तो जालन्याला आला. तेव्हा इथं इंग्रजी फौजेची छावणी होती. सालारजंग हैदराबादचे दिवाण असताना मिशनला जमीन मिळाली आणि जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत उभी राहिली. तिथं आलेली बहुतेक कुटुंबं मांग आणि महार समाजातली. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांना कसायला शेत, राहायला घर, लेकरांना शाळा आणि उपासनेला मंदिर एकाच ठिकाणी मिळालं. 1873 मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या ख्रिस्ती परिषदेला नारायण शेषाद्री गेले होते. 1891 मध्ये ते वारले.

मास्तरांच्या पणजोबांची पाटी बेथेलमध्ये फुटली आणि बेथेलमध्येच नवी मिळाली, असं त्यांच्या घरात सांगतात. या इतिहासाचा त्यांना अभिमान आहे. ज्या समाजाला विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं त्या समाजातल्या माणसाच्या हाती पुस्तक दिलं, यात लपवण्यासारखं काय आहे, असं ते विचारतात, आणि मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे.

पण त्याच इतिहासाचं दुसरं पान ते आपण होऊन उलटतात. नारायणरावांचा धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्याबरोबर मिशनमध्ये राहायला गेला होता. वय जेमतेम बारा. वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली आणि कोर्टानं मुलगा बापाच्या ताब्यात दिला. घरी आलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचं की नाही यावर मुंबईच्या ब्राह्मण समाजात रण पेटलं. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूनं उभे राहिले, प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यावं म्हणून त्यांनी खटपट केली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मास्तरांनी मला हे पहिल्यांदा सांगितलं त्या संध्याकाळी आम्ही बेथेलकडूनच सायकलनं परत येत होतो. ते म्हणाले, "नारायणराव आमचे. त्यांचा मोठेपणा मी कमी करत नाही. पण बारा वर्षांच्या पोराचं मन दोन्हीकडून ओढलं गेलं, त्याच्या आईचं काय झालं असेल? मी तरुणांमध्ये काम करायला लागलो तेव्हाच ठरवलं, कोणाच्याही लेकराला त्याच्या घरापासून तोडायचं नाही. मोठं झाल्यावर त्यानं स्वतःच्या बुद्धीनं काय करायचं ते करावं."

आपल्या श्रद्धेच्या माणसांबद्दल इतकं आदरानं आणि इतकं स्वच्छ बोलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. माझ्या घरच्या वारकरी परंपरेकडे मीही त्यानंतर तसं बघायला लागलो. तुकोबांचा अभिमान बाळगून गावातल्या वेगळ्या पाणवठ्याबद्दल बोलायला शिकलो. आमची मैत्री कुठून सुरू झाली असं कोणी विचारलं तर मी त्या संध्याकाळचं नाव घेईन.

त्यांनी मला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचायला दिली. मी शाळेत त्यातला एखादा धडा वाचला होता, बाकी काही माहीत नव्हतं. मास्तरांचं आवडतं प्रकरण म्हणजे ठोंबरे. 1907 मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं, तिथं त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलानं कविता म्हटली आणि तो ‘बालकवी’ झाला. लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक तेव्हा पंचेचाळिशीत होते. त्यांनी या मुलाला अहमदनगरला आपल्या घरी नेलं. ठोंबरे त्या ख्रिस्ती घरात घरच्या मुलासारखा राहिला, रुसला, भांडला, निघून गेला, परत आला. लक्ष्मीबाईंनी त्याची सगळी हौस-मौज आणि सगळा हट्ट सांभाळला. आणि तो शेवटपर्यंत हिंदूच राहिला. 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून तो गेला. पुढच्याच वर्षी मे महिन्यात टिळकही गेले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही ज्यात जागा असेल असा ‘देवाचा दरबार’ टिळकांनी 1917 मध्ये मांडला होता. ती कल्पना त्यांना नुसत्या चिंतनातून सुचली असेल असं मास्तरांना वाटत नाही. "घरात ठोंबऱ्यासारखा पोरगा जेवून गेलेला असला की माणूस असा विचार करायला लागतो," ते म्हणतात. हा त्यांचा तर्क आहे, पुरावा नाही. मला तो खरा वाटतो, कारण मास्तरांच्या घरी जेवून मोठी झालेली मुलं मी पाहिली आहेत.

त्यांचं घर दोन खोल्यांचं. नाताळच्या आधी पंधरा दिवस तिथं करंज्या आणि अनारशांचा घाणा चाले. मास्तरीणबाई स्वभावानं कडक. कोण किती दिवसांत जेवायला आला नाही हे त्यांच्या लक्षात असे. रात्री पोरं नाताळची गाणी म्हणत वस्तीत फिरायची. ढोलकी वाजवणारा एक मुलगा बौद्ध होता, पेटी एका भजनी मंडळातल्या गड्याची. कापणीच्या सणाला मंडळीत ज्वारीची कणसं, मोसंबी, भोपळे, कोंबड्या येत आणि उपासनेनंतर लिलाव होई. एका लिलावात मी एका लिंबासाठी इतकी बोली लावली की मास्तरीणबाई दिवसभर माझ्यावर रागावून होत्या.

2012 चा पाऊस गेला आणि पुढचा उन्हाळा जालन्यानं कसा काढला ते इथल्या माणसाला विचारावं. घाणेवाडी तलाव कोरडा पडला. शहरात नळाला पाणी येण्याची वाट पाहण्यात दिवसांचे आठवडे होत. तलावातला गाळ काढायला नागरिक पुढे आले, शेतकरी ट्रॅक्टर लावून गाळ शेतात नेत होते. मास्तर तरुण संघ आणि अभ्यासिका मिळून सगळ्या पोरांना घेऊन तिथं जात. जालन्याच्या उन्हात काम करून पोरं दमत, पण त्या दिवसांत मुलांच्या घरांतली माणसं एकमेकांना ओळखायला लागली. घरभेटींनी जे सुरू झालं होतं ते तलावात पूर्ण झालं, असं मला वाटतं. "बाटवायला येता का" असं विचारणारा तो बाप तिथं आपल्या पोरासोबत टोपली भरत होता.

पुढे मास्तरीणबाईंना कर्करोग निघाला. औरंगाबादच्या खेपा सुरू झाल्या. तोवर आमच्या नात्यात देणारे ते होते, घेणारा मी. अडचण माझी, सल्ला त्यांचा. आता ते रिकाम्या चेहऱ्यानं दवाखान्याच्या बाकावर बसलेले असायचे आणि कागद घेऊन खिडकीवर मी जायचो. एका रात्री त्यांनी विचारलं, "तू प्रार्थना करशील का तिच्यासाठी?" मी म्हणालो, मला तुमची पद्धत येत नाही. "तुझ्या पद्धतीनं कर," ते म्हणाले. मी बाकावर बसून मनातल्या मनात हरिपाठ म्हटला. ते शेजारी डोळे मिटून होते. त्या रात्रीनंतर त्यांनी माझ्याशी गुरूसारखं बोलणं हळूहळू सोडलं. पैशांची ओढाताण, मुलाशी न पटणं, देवावरचा रागसुद्धा, सगळं ते माझ्याजवळ बोलले. मोठ्या माणसानं आपली अडचण धाकट्याजवळ उघडी करणं सोपं नसतं, आणि तरुणांना शिकवणाऱ्यांपैकी फार थोडे ते करतात. मास्तरांनी केलं म्हणून आमची मैत्री बरोबरीची झाली.

बाई गेल्या तेव्हा दफनभूमीत जागा पुरली नाही इतकी माणसं आली. माती द्यायला जी रांग लागली तिच्यात अभ्यासिकेच्या सगळ्या वर्षांची मुलं होती, कोणी कामावरून तशीच आलेली. सांत्वनासाठी लोक कितीतरी दिवस मास्तरांच्या घरी येत राहिले. वस्तीतल्या त्या घरांनी आता मास्तरांकडे घरभेटी सुरू केल्या होत्या. येणारे उंबऱ्याबाहेर बसत, फार वेळ थांबत नसत.

मास्तर आता थकले आहेत, सायकल सुटली आहे. मी आता नव्या कार्यकर्त्यांना शिकवतो आणि त्यांना पहिल्या महिन्यात एकही फॉर्म देत नाही, नुसतं घरोघर पाठवतो. संस्था चालवणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे की कार्यकर्त्याच्या महिन्यातले काही दिवस बिनकामाच्या घरभेटींसाठी ठेवा आणि त्या दिवसांचा अहवाल मागू नका. शासनाकडेही एक मागणी आहे. ऊसतोड कुटुंबांच्या मुलांसाठी शाळांमध्ये हंगामी वसतिगृहं असतात, दोन वेळचं जेवण आणि गावातच राहण्याची सोय असते. ती योजना चांगली आहे, पण ती टोळी निघायच्या आधी सुरू झाली तरच तिचा उपयोग. ट्रक एकदा गावातून बाहेर पडला की त्यातलं लेकरू परत आणता येत नाही. यंदा दसऱ्याआधी तुमच्या जवळच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना एवढंच विचारा: वसतिगृहाची यादी झाली का?